वाचून दाखवा, मग छापा

मगरे सरांच्या नावामागं कुणी 'प्रा.' लावलं की ते शर्टाच्या खिशातलं निळं पेन काढत आणि तेवढंच खोडून टाकत. लग्नाची पत्रिका असो नाहीतर व्याख्यानाचं पत्रक, रेघ एकच आणि सरळ. एकदा वर्गातल्या एका मुलाचे वडील आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. सरांनी ती त्यांच्यासमोरच दुरुस्त केली. ते बिचारे ओशाळले. सर म्हणाले, "तुमची चूक न्हाई, पाहुणे. मला अजून कुणी प्राध्यापक केलं न्हाई, मंग तुम्ही कशाला करता? मी तासावरचा माणूस. घंटा वाजली की मी संपलो."

कॉलेजातल्या भाषेत याला 'तासिका तत्त्वावर' म्हणतात. जेवढे तास शिकवले तेवढ्याचं मानधन, तेही येईल तेव्हा. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तोच माणूस त्याच खुर्चीवर. सुदाम मगरे यांची ऐन उमेदीची वर्षं अशी गेली. अंबडला एका खासगी संस्थेनं एम.ए. वृत्तपत्रविद्येचा वर्ग उघडला होता. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. तिथं हा सगळा विभाग म्हणजे एकटे मगरे सर. वर्ग भरायचा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत, त्यामुळे आमची पत्रकारिता सडक्या अंड्यांच्या वासात सुरू झाली. सर म्हणत, "सवय करून घ्या. पुढं याच्याहून वाईट वासात बसायचंय."

सर उंच, काळेसावळे, किंचित वाकलेले. समोरचा एक दात अर्धा तुटलेला होता, म्हणून हसताना तोंडावर तळहात धरत. त्यांच्या पत्नी, आमच्या सुमनकाकू, अंगणवाडीत होत्या. त्यांच्या घरातलं निम्मं बोलणं 'कायम झाले की' या शब्दांनी सुरू व्हायचं. कायम झाले की न्हाणीला दार, कायम झाले की तिरुपतीला नाही तर निदान वेरूळला, आणि सगळ्यात आधी सरांचा दात. "कायम झाले की पहिला दात," काकू आम्हाला चहा देताना म्हणत, आणि सर लगेच तळहात तोंडावर नेत.

मी नसरीन, तीर्थपुरीची. अब्बांचं बाजारात बांगड्यांचं दुकान. घरी आम्ही उर्दू बोलतो, पण मला मराठीचं वेड शाळेपासून. पहिल्याच आठवड्यात सरांनी सांगितलं, "घरातल्या एका माणसाची बातमी लिहून आणा." मी अब्बांवर लिहिलं. झोकात लिहिलं. 'पोटाची खळगी भरण्यासाठी गावोगावच्या बाजारात वणवण भटकणारा एक कष्टकरी' अशी सुरुवात. सरांनी कागद वाचला, परत दिला आणि विचारलं, "अब्बांना वाचून दाखवली का?"

"नाही सर. त्यांना लिहिलेली मराठी नीट वाचता येत नाही."

"वाचता येत न्हाई म्हणूनच तर वाचून दाखवायची. जा."

रविवारी दुकानात बसून मी अब्बांना बातमी वाचून दाखवली. ते एका बाईच्या हातात बांगड्या भरत होते. ऐकता ऐकता थांबले. म्हणाले, "मैं कब भूका था, बेटा? तेरेको कब भूका रक्खा?" बांगड्या भरून घेणारी बाई हसायला लागली. मला मात्र रडू फुटलं. सोमवारी सरांना हे सांगितलं तर ते तळहात तोंडावर धरून कितीतरी वेळ हसत राहिले. मग फळ्यावर त्यांनी लिहिलं, 'वाचून दाखवा, मग छापा.' दोन वर्षं ते तिथंच होतं. रसायनवाले पुसायचे, सर पुन्हा लिहायचे.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं कुठून, ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांचं गाव कुंभार पिंपळगाव. लहानपणी विहाराच्या ओट्यावर बसून ते मोठ्या माणसांना पेपर वाचून दाखवत. एकदा पेपरात त्यांच्याच वस्तीची बातमी आली. पाण्यावरून भांडण झालं होतं, त्याची. सर मोठ्या ऐटीत वाचत होते आणि ऐकणारे एकमेकांकडे बघत होते. वाचून झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, "हे कुणाचं गाव हाय रं?" सर सांगत, "बातमी आमची हुती, पर आम्हाला कुणी इचारलंच न्हवतं. तवाच ठरवलं." गावची आठवण निघाली की त्यांची भाषाही गावाला जायची.

नियमाला पोटनियम होते. ते सर बोटांवर मोजून दाखवत. "चूक सांगितली तर सुधारा. नको म्हटलं तर छापा. आणि वाचून दाखवल्यावर एक शब्द जरी बदलला, तर परत जा." बाहेरून कधी एखाद्या दैनिकाचे संपादक व्याख्यानाला आले की त्यांना हे ऐकून हसू यायचं. एक जण तर म्हणाले, "अहो, असं केलं तर पेपर महिन्यातून एकदा निघेल." सर म्हणाले, "मंग महिन्यातून एकदा काढा. रोज चुकीचा कशाला काढता?" त्या पाहुण्यांना पुन्हा बोलावलं गेलं नाही, आणि तेही आले नाहीत.

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा सरांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट घडली. विभागाला पूर्णवेळ पद मंजूर झालं. जाहिरात निघाली, महिन्याभरात मुलाखती होणार होत्या. पात्रता होती, अनुभव होता, आणि सगळं कॉलेज सरांना आधीच अभिनंदन म्हणून मोकळं झालं होतं. काकूंनी तर जालन्याच्या दाताच्या डॉक्टरकडे चौकशीही करून ठेवली होती. सर वरवर "बघू, बघू" म्हणायचे, पण त्या दिवसांत ते फळ्यावर लिहिताना गुणगुणत. मी त्यांना त्याआधी कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

आणि त्याच महिन्यात आमचा प्रायोगिक अंक निघायचा होता. पत्रकारितेच्या पोरांनी स्वतः बातम्या आणून स्वतः काढायचं चार पानांचं वर्तमानपत्र. त्याला परीक्षेचे गुण असतात. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये आमचा अंक छापला जायचा. पहिल्या पानाची बातमी माझी होती. मी संस्थेच्याच मुलींच्या वसतिगृहात राहत होते. तिथं दिवाळीपासून संडासात पाणी नव्हतं. मुली दुपारनंतर पाणी पीत नसत, म्हणजे अंधार पडल्यावर बाहेर जावं लागू नये. बी.ए.च्या पहिल्या वर्षातली कोमल नावाची मुलगी लघवीचा आजार होऊन तापानं फणफणली. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि तिथून वडील तिला थेट गावी घेऊन गेले. ती परत आली नाही.

बातमी लिहिली. नियमाप्रमाणे आधी कोमलला वाचून दाखवायची. तीही कुंभार पिंपळगावची निघाली, म्हणून सर बरोबर आले. एसटीनं गेलो. कोमल दारात गहू निवडत होती. मी वाचलं, 'आजारपणामुळे कोमलने शिक्षण सोडले.' तिनं हात थांबवला.

"म्या सोडलं न्हाई, ताई," ती म्हणाली. "सोडवलं."

आत तिचे वडील होते. त्यांनी ऐकलं, पण ते बाहेर आले नाहीत. सरांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि 'सोडले'च्या जागी 'सोडवले' लिहिलं. परतीच्या गाडीत ते एवढंच म्हणाले, "बघ, एका शब्दानं बातमी कुठून कुठं गेली."

आता राहिले संस्थेचे अध्यक्ष. सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणत. मी सरांना हात जोडले. म्हटलं, "सर, त्यांना वाचून दाखवली की बातमी मेली. आणि तुमची मुलाखत तोंडावर आहे. सरळ छापू, मग काय व्हायचं ते होऊ दे. नाहीतर मुलाखतीनंतर छापू."

सर म्हणाले, "तुझ्या अब्बांना वाचून दाखवली तवा तू भ्याली न्हाईस. का? तर ते आपलं काही करू शकत न्हाईत. आता जो करू शकतो त्याला दाखवायची न्हाई म्हणतीस. मंग हे वाचून दाखवणं म्हणजे गरिबावरचा रुबाबच झाला की."

"पण सर, तुमचं कायम होणं..."

"ते माझं मी बघून राह्यलो ना. तू कागद घे."

मी काकूंकडे गेले. वाटलं, त्या तरी अडवतील. काकू भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाई, मी काय बोलू? लग्न ठरायचं हुतं तवा मला बघायला आल्ते. माझ्या बापाला म्हणले, माझी नोकरी कायमची न्हाई, हे पोरीला सांगितलं का? तिला सांगा, मंग पुढचं बोलू." तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "असा माणूस हाय तो." त्या हसल्या, पण डोळे भाकरीवरच ठेवले.

अण्णासाहेबांच्या बंगल्यावर आम्हाला चहा मिळाला, बिस्किटं मिळाली. "या, या प्राध्यापक," असं ते म्हणाले. सरांनी तिथंही सांगितलं, "प्राध्यापक न्हाई साहेब, तासावर आहे." साहेब म्हणाले, "होईल, होईल." मग मी वाचलं. साहेब डोळे मिटून ऐकत होते. वाचून संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"वसतिगृह दुमजली लिहिलंय तुम्ही," ते म्हणाले. "तीन मजली आहे. वरचा मजला मागच्याच साली बांधला."

सरांनी निळं पेन काढून 'तीन मजली' केलं.

"पोरीची भाषा चांगली आहे," साहेब म्हणाले. "शिकवलंय बराबर." आणि उठून आत गेले.

गेटबाहेर आल्यावर सर खुशीत होते. म्हणाले, "बघ, नको म्हणले न्हाईत. आणि चूक होती ती पण निघाली. आता बातमी बिलकुल बिनचूक झाली." मी म्हटलं, "सर, ते छापा असंही म्हणाले नाहीत." सरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

प्रेसवाल्याचं मशीन दुसऱ्या दिवशी बिघडलं. ते दुरुस्त झालं तेव्हा कागद संपला. कागद आला तेव्हा लग्नसराई सुरू झाली. शेवटी तो सरांना बाजूला घेऊन म्हणाला, "सर, मला पोट आहे." आमचा अंक निघाला नाही. मुलाखतीत सरांना एकच प्रश्न विचारला, तोही प्रकृती कशी आहे असा. पूर्णवेळ पदावर साहेबांच्या व्याह्यांचा पुतण्या आला. त्यानं आम्हाला वर्षअखेर एकदाच दर्शन दिलं. जूनमध्ये सरांना तासही मिळाले नाहीत, आणि पुढच्याच वर्षी विद्यार्थी नाहीत म्हणून वर्ग बंद झाला.

आम्ही सगळे पहिल्या वर्गात पास झालो. गुणपत्रिकेत प्रायोगिक अंकाचे गुण होते, आणि भरभरून होते. जो अंक कधी छापलाच गेला नाही, त्याच्या मांडणीचं परीक्षकांनी कौतुकही केलं म्हणे. या पदवीवर मला पुढं नोकरी लागली. मी ती पदवी भिंतीवर लावलेली नाही.

वसतिगृहाला पाणी मात्र आलं. दोन महिन्यांत बोअर घेतलं, टाकी बसवली, उद्घाटन झालं. सगळ्या पेपरांत फोटोसह बातमी आली, 'अध्यक्षांच्या दूरदृष्टीमुळे मुलींची सोय.' ती बातमी वसतिगृहातल्या एकाही मुलीला कुणी वाचून दाखवली नव्हती. मी पेपर घेऊन तणतणत सरांकडे गेले. ते अंगणात काकूंच्या अंगणवाडीचे तक्ते रंगवत बसले होते. त्यांनी बातमी वाचली आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "पाणी आलं? अगं, मंग बातमी लागली की आपली! छापली न्हाई तरी लागली."

"आणि तुमचं काय, सर?"

"माझं काय? मी थोडाच दुपारनंतर पाणी प्यायचा थांबलो होतो?"

मला सरांचा राग येतो. अजून येतो. लोक असल्या माणसाला साधा, सरळ म्हणतात आणि त्याच्या वाटेनं कुणी जात नाही. मला ते साधे वाटत नव्हते. आपलं काय होणार ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते ठाऊक असताना काकूंच्या न्हाणीचं दार, स्वतःचा दात, सगळं त्यांनी एका वाक्यासाठी पणाला लावलं, आणि समोरच्यानं चहा-बिस्किटावर ते जिंकून नेलं. कोमलचं त्याच वर्षी लग्न झालं. तिला पाणी आल्याचा काय उपयोग? हे मी सरांना तोंडावर विचारलं होतं. ते म्हणाले, "तिला न्हाई. तिच्या मागून येणाऱ्यांना." मला तेव्हा ते पटलं नाही, आजही पुरतं पटत नाही.

त्यानंतर सर मिळेल ते करत राहिले. निवडणुकीत एका उमेदवारानं पत्रकं लिहायला बोलावलं. सरांनी झकास लिहिली. मग विचारलं, "यात विरोधकाबद्दल चार ओळी आहेत, त्या त्यांना कधी वाचून दाखवायच्या?" ते काम तिथंच संपलं, आणि ही गोष्ट तालुकाभर विनोद म्हणून फिरली. शेवटी घनसावंगीकडच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. तासावरच. मी फोन केला की म्हणत, "मी मजेत. तू वाचून दाखवतीस का?" मी विषय बदलायची. आमच्या संभाजीनगरच्या दैनिकात मी जिल्ह्याच्या पानावर उपसंपादक आहे. तिथं पान वेळेवर छपाईला सोडायचं असतं. बातमी फोनवर येते, आम्ही ती आखूड करतो, मथळा देतो आणि पुढची घेतो. ज्याची बातमी त्याचा नंबरही आमच्याकडं नसतो.

मागच्या उन्हाळ्यात शाळेतून येताना अंबडच्या बसस्थानकावर सरांना छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला ते समजलं ते माझ्याच टेबलावर, अंबडच्या वार्ताहरानं फोनवर पाठवलेल्या बातमीतून. 'प्रा. सुदाम मगरे यांचे निधन.' खाली संस्थेचं पत्रक जोडलं होतं, 'आमच्या परिवारातील ज्येष्ठ प्राध्यापक हरपल्याने अध्यक्षांनी तीव्र शोक व्यक्त केला आहे.' मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले. मग आत आले आणि बातमी पहिल्यापासून लिहिली.

माती होऊन पाहुणे पांगल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी, काकूंना फोन लावला. म्हटलं, "काकू, सरांची बातमी आहे. वाचून दाखवते."

त्या म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. 'येथील सुदाम मगरे यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांनी अनेक वर्षे तासिका तत्त्वावर वृत्तपत्रविद्या शिकवली. त्यांना पूर्णवेळ पद मिळाले नाही.' काकूंनी मध्येच विचारलं, "प्रा. न्हाई ना लावलं?"

"नाही, काकू."

"बराबर. पुढं वाच."

"अध्यक्षांनी शोक व्यक्त केला आहे."

"केला का?"

"पत्रक आलंय, काकू."

"मंग पत्रक आलं असं लिही."

मी तसं लिहिलं. 'अध्यक्षांनी शोक व्यक्त केल्याचे पत्रक संस्थेने पाठवले आहे.' पुन्हा वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "आता छाप."

नियम तर नियम. बातमीत साहेबही होते. त्यांच्या कार्यालयात फोन लावला. साहेब बैठकीत होते. त्यांच्या सहायकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "बराबर आहे, मॅडम" म्हणाला, आणि माझ्या नावाची पुन्हा एकदा खात्री करून घेतली. नको म्हणाला नाही. मी पानात बातमी लावून घरी गेले.

सकाळी पेपर उघडला. 'ज्येष्ठ प्राध्यापक प्रा. सुदाम मगरे यांचे निधन.' तासिका तत्त्वाची ओळ नव्हती, पूर्णवेळ पदाची नव्हती, पत्रकाची नव्हती. अध्यक्षांनी तीव्र शोक व्यक्त केला होता. मी पानप्रमुखांना फोन केला. माणूस भला आहे. म्हणाला, "अगं, संस्थेतून फोन आला होता. म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाच्या नावामागं तुम्ही साधं प्राध्यापकसुद्धा लावलं नाही. मला पटलं. तुझेच सर ना, म्हणून मानानं लावलं." मी फोन ठेवला.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. मागं भेटायला आलेल्यांचा आवाज होता, कुणीतरी पेपर मागत होतं.

"नसरीन, पेपर आला," काकू म्हणाल्या. "तू वाचून दाखवलंस ते हे न्हाई."

"न्हाई, काकू," मी म्हटलं.

"त्यांच्या खिशातलं पेन माझ्यापाशीच होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या घरच्या पेपरातलं खोडलं मी. बाकीच्यांच्या पेपरातलं कोण खोडणार?"